पगारी गडी आणि लोखंडी गडी

संपादकांचे पत्र पोळ्याच्या सुमारास येते. 'दिवाळी अंकासाठी नेहमीसारखेच काहीतरी खुसखुशीत पाठवावे' असे त्यात असते. मी ते चष्म्याच्या घरात घालून ठेवतो आणि विसरतो. यंदा ते पुन्हा हाती लागले तेव्हा मला गेल्या दिवाळीतली हरसूलची ओसरी आठवत होती. म्हणून यंदाचा फराळ तिथला. खुसखुशीत आहे की नाही, ते वाचकांच्या दातांवर अवलंबून.

हरसूलला माझे एक जुने स्नेही आहेत. तरुणपणी तीन वर्षे मी तिथल्या एका कचेरीत कारकुनी केली, आणि हे जवळच्या शाळेत शिकवीत. मी खटपट करून नाशिकला बदली घेतली. ते तिथलेच, त्यामुळे तिथेच राहिले. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. आता दोघेही पेन्शनीत निघालो आहोत. दर दिवाळीला मी गिरणारे, वाघेरा असा घाट ओलांडून त्यांच्याकडे दोन-चार दिवस जातो. शहरात आपण जिला वसुबारस म्हणतो तिला तिकडे वाघबारस म्हणतात. आपण नुसती गाईची पूजा करतो; तिकडे गाय खाणाऱ्याचीही करतात. मला तरी त्यांच्या रीतीत व्यवहारज्ञान अधिक दिसते.

गेल्या वर्षी माझा चौदा वर्षांचा नातू बरोबर होता. म्हणजे देहाने बरोबर होता. मन त्याचे मोबाइलमधल्या एका खेळात होते. हा खेळ एकट्याने खेळायचा नव्हे. देशोदेशीची हजारो माणसे एकाच वेळी त्यात वावरत असतात. त्यात लढाया आहेत, राक्षस आहेत, जहाजे आहेत. पण आमचा वीर लढत नाही. तो खिळे करतो.

हसू नका. मी हसलो होतो, आणि मग तासभर मला त्याचे व्याख्यान ऐकावे लागले. डोंगरातून लोहखनिज काढायचे, भट्टीत वितळवून त्याच्या लगडी करायच्या, लगडींचे खिळे करायचे आणि जहाजे बांधणाऱ्यांना ते बाजारभावाने विकायचे. अडचण होती ती खनिजाची. स्वतः खणत बसले तर दिवस जातो. मग दोन वाटा. एक म्हणजे आपोआप खणणारे यंत्र विकत घ्यायचे. त्याची किंमत ९०० मोहरा, आणि शिवाय तासाला १२ मोहरांचा कोळसा. ते तासाला १०० ढेकळे काढते, आणि आपण झोपलो तरी थांबत नाही. दुसरी वाट म्हणजे खेळातल्याच एखाद्या गरजू गड्याला कामावर लावायचे. तो १०० ढेकळांना २० मोहरा घेतो.

चिरंजिवांनी हे सारे गणिताच्या वहीत मांडले होते. (गणितात मात्र काठावर पास.) यंत्रामागे तासाला ८ मोहरा वाचतात, तेव्हा एकशे बारा-तेरा तासांत, म्हणजे पाच दिवसांच्या आत यंत्र फिटते. पण सगळ्यांनीच यंत्रे घेतली की बाजारात खिळ्यांचे ढीग पडतात आणि भाव बसतो. त्या वेळी यंत्र नुसते उभे राहून कोळसा खाते.

"आणि गडी?" मी विचारले.

"गड्याला बोलवायचंच नाही. तो रिकामा बसला तर आपलं काय जातं?"

गुरुजी पलीकडे बसून विळ्याला नवी मूठ बसवीत होते. ते मान वर न करता म्हणाले, "आमच्याकडं उलटं आहे रे बाळा. यंत्र रिकामं बसलं तर काही खात नाही. माणूस खातो."

पोराने ते ऐकले न ऐकल्यासारखे केले. पण माझ्या डोक्यात ते वाक्य घर करून बसले.

नाशिकला परतल्यावर मी या खेळांविषयी थोडे वाचन केले. जन्माची कारकुनी केलेला माणूस. कागद चाळल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर हे प्रकरण पोरखेळ नाही. १९९७ साली निघालेल्या 'अल्टिमा ऑनलाइन' नावाच्या खेळात माणसे लोहार होत, शिंपी होत, आणि माल विकायला गुमास्ता ठेवीत. हा गुमास्ता म्हणजे यंत्रानेच घडवलेले बाहुले; पण तो रोजचा पगार कापून घेई. २००३ साली आलेल्या 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज'मध्ये तर स्वतः खणणारी यंत्रे आणि स्वतः माल काढणारे कारखाने होते. त्यांची देखभाल आणि वीज खेळाडूने भरायची. तो खेळ २०११ साली बंद झाला, आणि एका रात्रीत त्या साऱ्या कारखानदारांची मालमत्ता शून्य झाली. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली 'एव्हरक्वेस्ट' या खेळातल्या नॉराथ नामक काल्पनिक मुलखाचा जमाखर्च मांडला. तिथले दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधोमध कुठेतरी येते, आणि तिथल्या श्रमाचा मोबदला तासाला ३ डॉलर ४२ सेंट पडतो, असे त्याचे उत्तर आले. नसलेल्या देशात नसलेली कुदळ चालवून! आमच्या कचेरीत असलेल्या देशात असलेली लेखणी चालवून मला त्या वेळी तेवढे मिळत नव्हते.

मग जिथे मजुरी आहे तिथे मजूर आलेच. चीनमध्ये या शतकाच्या आरंभी तरुण पोरे खोल्याखोल्यांतून रांगेने बसून, पाळ्या लावून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधले सोने खणीत. ते सोने पश्चिमेकडचे हौशी खेळाडू खऱ्या डॉलरांनी विकत घेत. व्हेनेझुएलातला पैसा कागदाच्या मोलाचा झाला तेव्हा तिथली माणसे 'रूनस्केप' खेळून घर चालवू लागली. आणि त्यांच्याच शेजारी, त्याच खाणीत, माणसाऐवजी खेळणारे आज्ञावलीचे यंत्र, म्हणजे 'बॉट', खणत असे. पडद्यावर दोघेही सारखेच दिसतात. ओळखायचे कसे? लोक युक्ती करतात: काहीतरी विचारून पाहायचे. उत्तर आले तर माणूस. पण पाळीवर बसलेल्या, परकी भाषा न येणाऱ्या मजुराने उत्तर दिले नाही, तर तोही बॉट ठरतो आणि सारे त्याला हुसकून लावतात.

आमच्या चिरंजिवांनाही नेमका हाच संशय आला होता. त्यांनी अखेर गडी लावला. हा गडी दिवसाचे चौदा-चौदा तास खणी, थकत नसे, बोलत नसे. माणूस नसून कोणाचे तरी चोरटे यंत्रच आहे, मग २० मोहरा कशाला द्यायच्या, असे त्यांचे म्हणणे.

"विचार की त्याला काहीतरी," मी म्हणालो.

"काय विचारू?"

"जेवलास का म्हणून विचार. हरसुलात आहोत, इथं दुसरं काय विचारतात?"

त्याने विचारले. उत्तर आले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आणि तिसऱ्या दिवशी तर गडीच खाणीतून नाहीसा झाला.

आता खिळे राहू द्या, भाताकडे येऊ. दिवाळी म्हणजे त्या भागात सोंगणीचे दिवस. आपण ज्याला कापणी म्हणतो ती सोंगणी. डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी खाचरे. त्यांत कापणी-मळणी एकदमच करणारे अवाढव्य यंत्र उतरतच नाही. म्हणजे सोंगणी हातानेच. त्यानंतर भारे वाळवून झोडणी. तीही पिढ्यान् पिढ्या हातानेच. पूर्वी लोक सावड करीत: आज तुझ्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तू, पैशाची गोष्ट नाही. पण सावडीला तरुण हात लागतात, आणि आता दिवाळी झाली की तरुण हात द्राक्षांकडे जातात. दिंडोरी, पिंपळगावच्या बागांतून आश्विनात छाटणी झालेली असते. पुढे फेलफूट काढायची, कोवळे घड औषधात बुडवायचे, दाटलेल्या घडातले मणी कात्रीने विरळ करायचे. ही कामे वेळच्या वेळी झाली नाहीत तर बाग बसते. म्हणून पेठ, सुरगाणा, हरसूल इथल्या टोळ्या उक्ते काम घेऊन जातात. गिरणाऱ्याला तर पहाटे मजुरांचा बाजारच भरतो. माणसे उभी असतात आणि बागायतदार गाडी घेऊन येतो.

तेव्हा गुरुजींपुढे नातवासारखाच प्रश्न होता, फक्त तो वहीत मावत नव्हता. मुले नाशिकला. सोंगणी झालेली, भारे खळ्यावर रचलेले, आणि झोडायला माणसे कमी. त्यातून २०१९ सालची दिवाळी ते विसरलेले नाहीत. त्या वर्षी ऐन सणात पाऊस कोसळला, द्राक्षेही गेली आणि उभे-आडवे भातही. कापून ठेवलेल्या लोंबीला खाचरातच कोंब फुटले. झोडणीला आठ दिवस लागतात. भाड्याचे मळणी यंत्र तेच काम दीड दिवसात करते. यंत्राचे भाडे आणि आठ दिवसांची मजुरी यांत फारसे अंतर नाही. पण आठ दिवस आणि दीड दिवस यांत आभाळाएवढे अंतर आहे. ढग आला की ते कळते. गुरुजींनी यंत्र सांगितले.

सांगितले खरे, पण त्यांच्या पोटात गोळा होता. त्यांच्या खळ्यावर पंचवीस-एक वर्षे झोडणीला येणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्याबरोबर तीन-चार बाया असतात. त्यांना काय सांगावे? रात्री जेवताना गुरुजी मला म्हणाले, "तू असशील तेव्हाच बोलतो. तुझ्यासमोर ती फार बोलणार नाही." यावरून गुरुजींना शाळेतल्या पोरांची जितकी पारख होती तितकी मावशींची नव्हती, हे सिद्ध झाले.

मावशी पाडव्याच्या सकाळी आल्या. ओसरीच्या पायरीवर टेकल्या. गुरुजींनी बरीच प्रस्तावना करून यंत्राचे सांगितले. मला वाटले, आता डोळ्यांना पदर लागणार. मावशी म्हणाल्या, "बरं केलंत. माझे खांदे काही सागाचे नाहीत."

मी थक्क झालो. तसा व्हायला नको होतो. यंत्राविषयी हळहळ वाटते ती ज्यांनी मुसळ कधी उचलले नाही अशा माझ्यासारख्यांना. त्या भागात वरई पिकते. आषाढी एकादशीला आपण जी भगर मिटक्या मारीत खातो, ती म्हणजे वरईचेच तांदूळ. वरईच्या दाण्याचे टरफल असे घट्ट की उखळात घालून कांडता कांडता बाईचा जीव अर्धा होई, आणि हाती येई दोन वेळची पेज. पुढे नाशिकला भगरीच्या गिरण्या झाल्या. उखळ गेले म्हणून कोणी बाई रडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

पण मावशी उठल्या नाहीत. त्यांनी कनवटीची मिसरी काढली, बोटाने दातांना लावली आणि सावकाश विचारले, "आणि भात?"

इथे एक खुलासा केला पाहिजे. गुरुजींच्या घरी सोंगणीची मजुरी पैशाने द्यायची आणि झोडणीची भाताने, अशी त्यांच्या वडिलांपासूनची रीत होती. झोडणी यंत्राने झाली म्हणजे मावशींचे काम वाचले, खांदे वाचले. पण त्या कामाबरोबर घरी जाणारे भातही राहिले.

गुरुजी म्हणाले, "यंत्रात पेंढ्या घालायला, दाणा ओढायला, वारवायला माणसं लागतातच. तुम्हीच या. रोख पैसे देतो. बाजारातून तांदूळ घ्या."

"पैसा घरात राहत नाही, गुरुजी," मावशी म्हणाल्या. "पोराचा मोबाइल येतो, दवाखाना येतो, जातो पैसा. कणगीतलं भात कोणी मागत नाही. द्राक्षाचं काम उन्हाळ्यात संपतं. मग आवणीचे दिवस सोडले तर आषाढ-श्रावणात कोण बोलावतं आम्हाला? तेव्हा घरात माणसं सात. ती तर रोज जेवतात."

वाचकहो, इतका वेळ मी यंत्राची मजुरी आणि माणसाची मजुरी तोलत होतो. नातवाच्या वहीत जी ओळ नव्हती ती पायरीवर बसलेल्या या बाईने एका श्वासात भरली. रिकाम्या दिवसांचा हिशेब! नातू म्हणाला होता, गडी रिकामा बसला तर आपले काय जाते. आपले काही जात नाही, हे खरेच. ज्याचे जाते तो वहीत नसतो.

मी नको तिथे तोंड घातले. शहरी माणसाला दया आली की तो खिशात हात घालतो. मी म्हणालो, "मावशी, तेवढ्या भाताचे पैसे मी देतो." मावशींनी माझ्याकडे असे पाहिले की मी हात खिशातून काढून चहाच्या कपाला लावला. गुरुजी हसले. म्हणाले, "अरे, तू तीस वर्षं देतच होतास की. पगारातून व्यवसाय कर कापत नव्हते का तुझ्या?"

कापत होते. आणि दर महिन्याला आम्ही कारकून मंडळी त्या कपातीला शिव्या देत होतो. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. १९६५ साली वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग केला. पुढे १९७२ च्या दुष्काळात सारा महाराष्ट्र खडी फोडायला बसला. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. 'काम मागेल त्याला काम.' त्या योजनेत ठेकेदाराला बंदी होती, आणि खर्चातला ६० टक्के वाटा अंगमेहनतीच्या मजुरीवरच गेला पाहिजे असा नियम होता. म्हणजे यंत्राला मुद्दामच मागच्या बाकावर बसवलेले. माणसाचे रिकामे दिवस हा सरकारच्या वहीतला खर्च आहे, असे कायद्याने म्हटले होते. फार मोठी गोष्ट होती ती. ती माझ्या पगारपत्रकावर एक ओळ होऊन येत होती आणि मी कधी वाचली नाही.

"पण हमीचं काम म्हणजे मातीचं," गुरुजी म्हणाले. "आषाढात इथं धो-धो पाऊस. चर खणला की पाण्यानं भरतो. ही म्हणते ते दिवस त्यातूनही सुटायचे."

असो. तिढा सुटला तो माझ्या दयेने नाही, गुरुजींच्या तत्त्वज्ञानानेही नाही, पेंढ्याने सुटला. मळणी यंत्रातून पेंढा चुरा होऊन बाहेर पडतो. हाताने झोडलेला पेंढा उभाच्या उभा, लांब राहतो. गुरुजींच्या गोठ्याचे छप्पर या पावसाळ्यात गळले होते आणि शाकारायला लांब पेंढाच लागणार होता. हे मावशींना ठाऊक होते; गोठ्याकडे त्या येतानाच पाहून आल्या असाव्यात. त्या म्हणाल्या, "वरच्या दोन खाचरांचे भारे आम्ही झोडतो. छपराला पेंढा होईल. खालचं सगळं यंत्राला घाला. तिथं हाताखाली आम्हीच. त्याचे अर्धे पैसे द्या, अर्धं भात द्या."

गुरुजींनी कुरकुर केली. यंत्राचे भाडे, वर भात, वर पैसे. मग यंत्राने वाचवले काय? मावशी म्हणाल्या, "दिवस वाचवले. ते तुम्हीच ठेवा."

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आणि नंतर असे ते काम झाले. यंत्राच्या धुळीने मी दोन दिवस शिंकत होतो. अखेरीस मावशींचे भात मोजायला पायली आली. नातू शेजारी उभा. मावशी पायली भरत, वर हाताने शीग लावत, आणि मगच पोत्यात ओतत. नातवाने विचारले, "आजी, काठापर्यंत एक पायली होते. वरचं कशात धरायचं?" मावशी म्हणाल्या, "वरचं मोजत नाहीत." गुरुजी दुसरीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात जीप आली. मावशींची सून आणि मुलगा टोळीबरोबर दिंडोरीकडे निघाले होते, मावशीही बसल्या. नातू रात्रीचा जागाच होता की काय, कोण जाणे. तो जीपपर्यंत धावला. तिकडे द्राक्षांना यंत्र असते का, असे त्याने विचारले. सुनेने पिशवीतून बोटाएवढ्या पात्याची कात्री काढून त्याला दाखवली. फवारणीला यंत्र आहे, ट्रॅक्टरमागे लावतात. पण घडातला कुठला मणी ठेवायचा आणि कुठला काढायचा, ते त्याला कळत नाही, असे ती म्हणाली. मग 'अजून' असा एक शब्द तिने पुढे जोडला, आणि जीप गेली.

आम्ही परत वळलो. शाळेमागच्या चढावर मोबाइलला रेंज येते. तिथे पोहोचताच नातवाचा फोन वाजला, आणि त्याने मला दंडाला धरून थांबवले. चार दिवस बेपत्ता असलेल्या गड्याचे उत्तर आले होते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोनच वाक्ये. 'हो, जेवलो. आता शंभराला २५.'

"आजोबा, माणूस आहे!" नातू ओरडला.

"मग? देणार का २५?"

तो उभ्या उभ्याच टकटक करीत राहिला. खाली खळ्यावर गुरुजी लांब पेंढ्याचे भारे उभे करून ठेवीत होते. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

"तेवीसवर तुटलं," तो म्हणाला.